एकविसाव्या दिवसाच्या पेशी

प्रिय बुटके,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र चार दिवस न उघडता तसंच ठेवलं असशील. तेवढा हक्क तुला आहे. तू शाळेत विज्ञान शिकवतेस आणि पोरं तुला अजिबात घाबरत नाहीत, हे तुझ्या आईकडून कळलं. इथे प्रयोगशाळेत सगळं तसंच आहे. आपले सर अजून दुसऱ्यांची पेनं खिशाला लावून घरी जातात.

उंदराच्या मेंदूतल्या पेशी बशीत वाढवायला घेतल्या की तू तीन आठवडे त्यांना कुणाला हात लावू द्यायची नाहीस. “जरा एकमेकींशी बोलायला तर लागू देत,” म्हणायचीस, आणि आम्ही खिदळायचो. त्यांच्यातच तुला तो गोल आरएनए सापडला. एरवीचा आरएनए दोरीच्या तुकड्यासारखा. याची मात्र दोन्ही टोकं जुळलेली. टोकापासून कुरतडणारं एन्झाइम घातलं की दोऱ्या संपतात आणि हे वेटोळं उरतं, कारण कुरतडायला टोकच नाही. तुझ्या आकड्यांत ते इतकं ढीगभर होतं की सरांनी मला पडताळा घ्यायला सांगितला.

मला काहीच मिळालं नाही. भरल्या बैठकीत मी बोलून गेले, “हिच्या नळ्यांची अदलाबदल झाली असणार.” तू एवढंच विचारलंस, “कितव्या दिवसाच्या पेशी घेतल्यास?” मी म्हणाले, “तुझ्याच पद्धतीने केलंय.” महिन्याभरात तुझ्या नेमणुकीची मुदत संपली, ती कुणी वाढवली नाही.

ते खोटं होतं, गं. पेशी सातव्या दिवसाच्या होत्या. माझी सुट्टी ठरलेली, तिकीट काढलेलं; तीन आठवडे कोण थांबणार? असेल तर सातव्या दिवशीही दिसेलच, असं मनाला समजावलं. नंतर दोन वर्षं त्या बशांच्या वाटेला गेले नाही.

यंदा गेले. कुणाला न सांगता सातव्या आणि एकविसाव्या दिवसाच्या पेशी शेजारी शेजारी ठेवून तोच प्रयोग केला. आरएनएची अक्षरं वाचणाऱ्या सिक्वेन्सिंगचा निकाल आला तेव्हा मी डबा खात होते. सातव्या दिवशी जुळलेल्या टोकांच्या खुणा जेमतेम चार, एकविसाव्या दिवशी सहाशेवर! घास हातातच राहिला. आणखी दोनदा केलं, तरी तेच. चुकल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

परवाच्या बैठकीत सगळं सांगून टाकलं, सातवा दिवस आणि तिकीटसुद्धा.  सर म्हणाले, “तेव्हा का नाही बोललीस?” “भ्याले,” म्हटलं. खाली बसले तेव्हा छातीवरचा धोंडा उतरला होता.

येत्या आठवड्यात तुला सरांचं ऑफिसचं पत्र येईल. तुझी जागा परत देऊ केली आहे, आणि शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं आहे. यायचं की नाही, ते तू ठरव. त्या पत्रात लिहिलंय, “नवी माहिती हाती आल्यामुळे.” नवं काहीच नाही, बुटके. तू तेव्हाही बरोबरच होतीस आणि चूक माझी होती. हे तुला छापील कागदावरून नव्हे, माझ्याकडून कळावं, म्हणून आधी हे.

तुझीच,
उंटीण