तुझे दाजी सध्या रस्त्यावर झोपतात

चि. धाकट्यास,

थोरल्या ताईचे आशीर्वाद. तीन महिने तुझं पत्र नाही, म्हणजे तू ठणठणीत असणार. तब्येत बिघडली की तू चार-चार पानं लिहितोस, हा तुझा लहानपणापासूनचा स्वभाव. भावजयीच्या कंबरेचं कळलं. तिला कंबर कुठे होती ते मला आठवत नाही, पण दुखत असेल तर शेकत जा म्हणावं. माझे गुडघे आहेत तसेच आहेत, विचारू नकोस.

आमच्याकडे बाकी सगळं बरं, फक्त तुझे दाजी सध्या रस्त्यावर झोपतात. घाबरू नकोस, खाट जागची हललेली नाही. रस्ताच घरात यायचा आहे. नगरपालिकेच्या मनात आमची गल्ली रुंद करायचं आलंय आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सभेत त्याचा निकाल आहे. मागे मोजणीवाला आला होता. त्याने प्यायला पाणी मागितलं, मी दिलं (चुकलंच माझं, तहानलेला ठेवला असता तर बाहेरूनच मापून गेला असता). पाणी पिऊन त्याने फीत खाटेखालून आत नेली आणि भिंतीवर लाल रंगाने उभी रेघ ओढली. म्हणाला, नवा रस्ता इथपर्यंत. रेघेच्या पुढे दार, माझं इस्त्रीचं टेबल आणि दाजींची खाट. रेघेच्या मागे शेगडी आणि मोरी. म्हणजे माणसाने शिजवावं आणि धुवावं, मध्ये कुठे टेकू नये. मी अठ्ठेचाळीस वर्षं त्या टेबलाशी उभी राहून लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढल्या, तेच पहिलं जाणार. दाजी पाय मोडल्यापासून दोन वर्षं खाटेवरच आहेत. ते मोजणीवाल्याला शांतपणे म्हणाले, साहेब, गाड्या कुठल्या बाजूने जाणार तेवढं सांगा, म्हणजे उशी त्या हिशेबाने ठेवतो. तो बिचारा हसला नाही. मी पण हसले नाही. सूनबाईने रेघेवर टॉवेल टांगलाय. टॉवेल टांगल्यावर रस्ते थांबत असतील तिच्या माहेरी.

मग आमचा नगरसेवक आला. गल्लीत त्याला सगळे हसरा म्हणतात, कारण त्याच्या काकाच्या मयतीलाही त्याचे दात दिसत होते. म्हणाला, आजी, नुसता प्रस्ताव आहे, तुम्ही लोक काय म्हणता त्यावर सगळं ठरणार. आणि एक छापील कागद माझ्या हातात ठेवून गेला. त्यावर सव्वीस दारांच्या सह्या घ्यायच्या होत्या. कागद माझ्याच हातात का, तर गल्लीचे कागद मीच वाचते. विजेचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी, शाळेची सूचना, सगळं चाळीस वर्षं माझ्याकडे येतं. मी चष्मा लावते, कागद लांब धरते, हूं म्हणते आणि काय करायचं ते सांगते. आजवर कुणाचं काही बिघडलं नाही (दवाखान्याच्या चिठ्ठ्या मी औषधवाल्याकडून आधी विचारून यायचे, हे तुझ्या पोटात ठेव).

तर सगळे नळाजवळ जमले. आमच्याकडे रीत अशी की वयाने सगळ्यात मोठ्याने पहिली सही करायची आणि बाकीच्यांनी खाली करत जायचं. वरच्याने सही केल्यावर खालच्याने वाचायला घेतलं तर तो अपमान समजतात. मागे एकदा कुलपवाल्याने असं वाचायला घेतलं होतं, तर शिंपीणबाई त्याच्याशी वर्षभर बोलली नव्हती. कागदाच्या पुढच्या अंगाला नुसतं छापील होतं, सहीला जागा बोटभर. मागच्या अंगाला छान आखलेल्या ओळी, वर दोन ठळक शब्द. मी म्हटलं, सह्या मागे. आणि चांगली ठसठशीत सही केली. खाली पंचवीस जणांनी केल्या. शिंपीणबाईने तर दोनदा केली, एक नवऱ्याच्या नावाची. तो सोडून गेलाय, पण रस्त्याला विरोध करायला आला असता, असं तिचं म्हणणं.

कागद मी नगरपालिकेच्या पेटीत टाकून आले. गुरुवारी त्याची पोच आणायला पुन्हा गेले. एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जिन्यावर, जिन्यावरून परत पहिलीकडे. शेवटी एका कारकुनाने फाइल काढली आणि उठून मला खुर्ची दिली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. म्हणाला, आजी, बाकीच्या गल्ल्या नुसत्या भांडतात, तुमच्यासारखी समजूतदार गल्ली मी पाहिली नाही. सव्वीसच्या सव्वीस घरांची संमती, वर एक जादा. कागदाच्या पुढे हरकत होती धाकट्या, आणि मागे संमती. आखलेल्या ओळी संमतीला.

आता कारकुनाला काय म्हणायचं. ओळी सुबक दिसल्या म्हणून सही केली, म्हणू? मी त्याला कागद असा छापतात का म्हणून चांगलं सुनावलं, मोजणीवाल्याला शिव्या दिल्या, हसऱ्याच्या दातांवरही बोलले, आणि घरी आले. नळाजवळ सगळे वाट बघत होते. शिंपीणबाई म्हणाली, मावशी, पोचला ना कागद? मी म्हटलं, पोचला. खोटं काही बोलले नाही. कुलपवाला म्हणाला, मावशींनी हात घातला म्हणजे काम झालंच. त्या भरवशावर त्याने काल दुकानाला नवं लोखंडी शटर बसवायला घेतलंय, रेघेच्या सात फूट पुढे. दिवसभर त्याची ठोकाठोक चालू आहे आणि मी इस्त्री करते आहे. एक सदरा जळला माझ्या हातून. पहिल्यांदाच.

बाकी क्षेम. दाजी तुला आठवण सांगतात, म्हणजे सांगतील, आत्ता झोपलेत. मुलांना पापे.

तुझी
ताई

ता. क. : एक राहिलं. कारकून असंही म्हणाला, की पहिली सही करणाऱ्याने सभेत उभं राहून लेखी अर्ज वाचला आणि चूक कशी झाली ते सांगितलं, तर कागद सह्यांसाठी पुन्हा गल्लीत फिरवतात. तू जन्मभर कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिलेस. एक मला लिहून पाठव. सोमवारच्या आत पोचला पाहिजे.

पुन्हा ता. क. : कारण म्हणून आजारपण घालू नकोस, आणि छपाईवरही ढकलू नकोस. सरळ लिही की मी दोन यत्ता शिकले, कचेरीचा कागद मला कधीच वाचता आलेला नाही, आणि चाळीस वर्षं मी गल्लीला तसं कळू दिलं नाही. कुलपवाला, शिंपीणबाई, सगळे तिथे असणार. असू देत.

आणि हे शेवटचं : शब्द सोपे घाल आणि अक्षर बोरांएवढं काढ. चार कागद लागले तरी चालतील. तो मलाच वाचायचा आहे.