ठमाबाई अध्यक्ष, कारभार माझा

२६ जानेवारी २००४, दुपार

आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात.

ग्रामसभेत आमच्या वस्तीसाठी सरकारी पाणी योजना आली. नव्वद टक्के पैसे सरकारचे, दहा टक्के आमचे. समितीची अध्यक्ष बाईच पाहिजे. शेजारच्या पुंजाने लगेच बायकोचं, कुसाबाईचं नाव देऊन टाकलं. दिवाळीत मोटरसायकल, आता हे! जळफळाट झाला, लपवायचं कशाला. मी उठून माझ्या बायकोचं, ठमाचं नाव दिलं. हात वर करून मतदान, तीन मतांनी निवडून आली. कुसाबाई नुसती खजिनदार. ठमाला सही येत नाही, म्हणजे कारभार माझाच.

१४ फेब्रुवारी

निफाडच्या बँकेत खातं उघडलं. ठमाने चक्क सही केली! कुसाबाईने शिकवली म्हणे, चुलीतल्या राखेत बोट फिरवून. पुंजाचा डाव असणार.

३ मार्च

ठमा नाशिकला ट्रेनिंगला गेली. जीपमधून. पुढच्या सीटवर!! मी अजून मागेसुद्धा बसलेलो नाही. भाकरी जळाली. पीठच खराब होतं.

११ नोव्हेंबर

मध्यंतरी लिहायला सवड नव्हती.

ठेकेदाराला परस्पर सांगितलं, नळ आमच्या दारात काढ. तो म्हणाला, अध्यक्षांना विचारतो. मी म्हणालो, अध्यक्ष माझीच आहे. तरी त्याने विचारलंच. नळ भिमाबाईच्या झोपडीपाशी निघणार. म्हातारीला लय लांबून पाणी आणावं लागतं, असं ठमा म्हणाली. तुमी कवा हंडा उचललाय का, हेही म्हणाली. चारचौघांत.

२ मे २००५

नळाच्या सांडपाण्यासाठी गटार हवी, तिची फाईल तालुक्याच्या ऑफिसात अडकलेली. मी सहा महिने उद्या जातो म्हणत होतो. योग्य वेळेची वाट बघत होतो. आज ठमा आणि कुसाबाई वीस बायका घेऊन गेल्या, साहेबाच्या टेबलापुढे मांडी घालून बसल्या. चार वाजता मंजूर.

आधी पुंजाचा हेवा वाटायचा. आता घरातच वाटतो. पुंजालाही कुसाबाई काही विचारत नाही म्हणे. ऐकून बरं वाटलं. पण तो चहा फक्कड करायला शिकलाय. उद्यापासून मीही.

८ ऑगस्ट

योजनेच्या पाण्याच्या टाकीला कोनशिला बसणार! अध्यक्षांचं पूर्ण नाव: सौ. ठमाबाई सावळीराम बोरस्ते. मधोमध माझं नाव. दगडात! खजिनदाराचं नाव नाही. पुंजाला हे दोनदा सांगितलं. नवा सदरा शिवायला टाकला.

१५ ऑगस्ट, सकाळ

नळाला पाणी आलं. भिमाबाई रडली. मलाही भरून आलं.

मग कोनशिलेचा पडदा सरकवला. दगड अरुंद निघाला. 'सौ. ठमाबाई सा. बोरस्ते.'

पुंजाने मोठ्याने वाचलं आणि विचारलं, हे सा. म्हंजी काय रं?

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. कुणालाच सांगता आलं नाही. मीही सांगितलं नाही.