तांब्याचा अणू कोणी केला?

साखरखेर्डा,
बुधवार, १० डिसेंबर २०२५

प्रिय धम्मरत्न,
सप्रेम जय भीम.

तू आणि घरचे सगळे बरे असाल. इकडे ठीक आहे. तुरीला शेंगा चांगल्या लागल्यात, थंडी पडली आहे, बायकोचा, जयमालाचा, गुडघा तेवढा त्रास देतो. दुसरबीडला तुझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान जोरात चालतं असं ऐकतो. फोनच करणार होतो, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून देशील असं वाटलं, म्हणून हे पत्र.

सरळच विचारतो. परवा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तुझ्या मंजुश्रीने मांडलेला तांब्याचा अणू तूच केलास ना?

तिच्या गटाचा परीक्षक मी होतो, हे तुला माहीत असेलच. कदाचित म्हणूनच पाठवलास का? इतके विषय पडलेत, ठिबक आहे, सौरचूल आहे, आणि पोरीने नेमका अणूच आणावा? मी टेबलाशी गेलो आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. मधोमध चिकटवलेला गोळा, प्रोटॉन म्हणून तुरीचे एकोणतीस दाणे, न्यूट्रॉन म्हणून चौतीस हरभरे. भोवती तांब्याच्या तारेची चार कडी आणि त्यांत सायकलचे छर्रे बसवलेले. दोन, आठ, अठरा, एक. मी दोनदा मोजले. खरं सांगतो, चूक सापडावी म्हणून मोजले.

नववीच्या पुस्तकात पोरं पहिल्या वीस मूलद्रव्यांपर्यंत जातात. ही एकोणतीसवर कशी गेली? मी विचारलं, "शेवटच्या कक्षेत एकच कसा?"

ती म्हणाली, "सर, तो एकटाच दूर असते, म्हनून लवकर सुटते. असे सुटलेले तारेतून पयतात, म्हनून तर मोटर चालते. आनि खरं मापात केलं असतं ना, तर हा गोळा हरभऱ्यायेवढा अन् हा शेवटचा छर्रा तिकडं रस्त्यावर. मधात सारं रिकामं."

"हे कोणी सांगितलं?"

"बाबानं."

"मग मॉडेलही त्यांनीच केलं असेल."

"नाही सर, मीच केलं. बाबानं फक्त जळालेल्या मोटरची तार देली."

मी ते मानलं नाही. कड्यांची टोकं जिथे जोडली होती तिथला पीळ मी ओळखला. आपण सगळे तार उजवीकडे पिळतो, तू डावखुरा, तुझा पीळ उलटा पडतो. गुणपत्रिकेवर शेरा मारला, 'पालकांनी केलेले', आणि सही केली. त्या शेऱ्याने ती बाद झाली. बुलढाण्याला जिल्ह्याच्या प्रदर्शनाला गटातून एकच मॉडेल जातं, ते दुसऱ्याचं जाणार. ती हजेरीच्या वहीत सही करून निघून गेली.

घरी येऊन जयमालाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की कशी चोरी पकडली. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "तुमाले येवढं पक्कं कसं, का बापानंच केलं म्हून?"

म्हटलं, त्याच्या हाताचा पीळ मला ठाऊक आहे.

"कुठून ठाऊक? तुमी तं कधी त्याचं नावबी काढलं नाही." मी शर्ट बदलायला वळलो, तशी म्हणाली, "चोराच्या मनात चांदनं."

तिला यातलं काही माहीत नाही रे. सहज बोलली. पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि मग आठवलं, की मंजुश्रीने वहीत सही केली ती डाव्या हाताने. मी समोरच उभा होतो. बघूनही मला दिसलं नाही, कारण बघायचंच नव्हतं.

आता जे लिहायला दोन पानं टाळलं ते लिहितो. आठवीत आपल्या दोघांना मिळून सोडियमचा अणू करायला दिला होता. मी चिकटवायला खळ आणून दिली, बस. बाकी सगळं तू केलंस, दोन रविवार तुझ्या ओसरीवर बसून. सरांनी मॉडेल हातात घेऊन विचारलं, "हा कोनं केला बे?" तू तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गोपालनं केला असंन." का, ते आपल्या दोघांनाही कळत होतं. मी पाटलाचा, तू बौद्धवाड्यातला. मी फक्त मान खाली घातली. मग सर तुला म्हणाले, "तू हे खोकं उचलून ने." तू ते एसटीपर्यंत नेलंस. बक्षीस घ्यायला मी गेलो. दुसऱ्या दिवसापासून तू माझ्या बाकावर बसला नाहीस आणि मी वर्गात सांगत फिरलो, की तुला माझा हेवा वाटतो.

आज सकाळी गुण दुरुस्तीचा अर्ज घेऊन तालुक्याला गेलो. त्यात कारणाचा रकाना असतो. तिथला कारकून म्हणाला, "सर, बेरीज चुकली म्हून लिहून द्या, कोन पाहते?" मी पेन टेकवलंही होतं. खोटं कशाला बोलू, 'बेरी' एवढं लिहून झालं होतं. ते खोडलं. लिहिलं, 'मॉडेल विद्यार्थिनीने स्वतःच केले आहे. परीक्षकाने खोटा आळ घेतला.' तिथल्या शिक्षणाधिकारी साहेबांनी कारण तोंडी विचारलं, तेव्हा आठवीपासूनचं सगळं सांगितलं. अर्ज मंजूर झाला. बुलढाण्याला मंजुश्री जाते आहे.

पुढच्या मंगळवारी, सोळा तारखेला, अकरा वाजता सभागृहात निकाल आहे. तिची माफी मी तिथे माइकवरून मागणार आहे, आणि ते सोडियमचं मॉडेल कोणाचं होतं तेही सांगणार आहे. तू यावंस असं फार वाटतं. नाही आलास तरी सांगेन.

तुझ्या अणूवर बक्षीस घेतलेला,
गोपाल