बाजारगल्लीकडून नदीकडे जाणाऱ्या माझ्या चार खोल्यांबाबत

मी, भिकुबाई तोताराम भामरे, राहणार बाजारगल्ली, पिंपळनेर, तालुका साक्री, जिल्हा धुळे, वय आधार कार्डावर चौऱ्याहत्तर आणि माझ्या आईच्या सांगण्याप्रमाणे त्याहून दोन-तीन जास्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कुणी दटावलेलं नसताना, माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. हे वाक्य पियुष वकिलांनी सांगितलं. वयाचं मी घातलं. ह्यांचं नावही लिहावंच लागतं म्हणाले, म्हणून लिहिलं, एरवी मी घेत नाही. पुढचं बरंचसं माझंच आहे. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

माझे वारस असे: थोरला भटू, धाकटा भूपेंद्र, आणि मुलगी पुष्पा, जामनेरला दिलेली. भटूची मुलगी दिपमाला ही माझी नात. तिच्यामुळे हे लिहावं लागतंय. दोष तिचा नाही, तिच्या पायांचा आहे. ते पुढे येईल.

कलम १. पाटल्या आणि पोत पुष्पाला. घरात हिस्सा नको असं ती आपणहून म्हणाली आहे. तरी ती माहेरपणाला आली तर कोणत्याही खोलीत झोपेल, कोणी विचारायचं नाही.

कलम २. पुरणाचे मांडे भाजायचं खापर एकच आहे आणि सुना दोन. दोघींनाही त्यावर मांडे टाकता येत नाहीत. म्हणून ते दिपमालाला. तिलाही येत नाहीत, पण ती निदान शिकते म्हणते.

कलम ३. आता दिपमालाच्या रविवारच्या फेरीचं. वकील म्हणाले, "आजी, फेरी ही काही मालमत्ता नाही, ती कुणाला देता येत नाही." देता येत नाही, तर माझ्यामागे ती जाते कुठे? म्हणून मी कलम घातलंच.

पावसाळा सरला की होळीपर्यंत दर रविवारी दिपमाला धुळ्याची, जळगावची माणसं घेऊन गाव दाखवते. हस्तीमल शेठच्या दुकानाच्या लाकडी सज्जाखाली थांबतात, मग गल्लीतून माझ्या घरात शिरतात आणि मागच्या दाराने नदीवर उतरतात. हे घर पूर्वी शेठच्या वडिलांचं भुईमुगाचं गोदाम होतं. एकामागे एक चार खोल्या, सगळी दारं एका ओळीत. नदीकडून पोती यायची, गल्लीकडून जायची. ह्यांनी ते विकत घेऊन माझ्या नावावर केलं. वडिलोपार्जित नाही. कागद लोखंडी पेटीत आहेत.

पहिल्या रविवारी दिपमाला मला सांगायला विसरली. मी कोठीच्या खोलीत गहू निवडत होते. एवढा मोठा घोळका चपला बाहेर काढून, चकार शब्द न बोलता आत आला. आमच्याकडे असं मुकाट्याने कोणी आलं की ते दारावर आले, म्हणजे घरातलं कोणीतरी गेलं. मी पदर डोक्यावर घेतला आणि रडायलाच बसले. कोण गेलं ते माहीत नव्हतं, पण रडायला उशीर बरा दिसत नाही. जळगावची एक बाई माझ्याजवळ बसून माझ्याबरोबर रडली. फार भली बाई. तेवढ्यात दिपमाला धावत आली.

"आजी, काय करी ऱ्हायनी तू?"

"कोन गयं व माय?"

"कोनी नही! या बठ्ठा लोके घर देखाले येल शेतस!"

"मना घरमा काय शे देखाले?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. धान्याची कोठी बघतात, दाराची कडी बघतात, चुलीचा फोटो काढतात. एकाने विचारलं, "आजी, ही कोठी कोणत्या काळातली?" मी म्हटलं, "सासूच्या." तेही त्याने लिहून घेतलं. पण मला ते आवडायला लागलं. रविवारी मी लवकर न्हाते, बरं लुगडं नेसते. मागच्या दाराशी बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात. जन्मभर त्यांच्याखाली भांडी घासली, वर कधी पाहिलं नाही. दिपमाला सांगते, नर घर विणतो, मादी येऊन बघते, पसंत नसलं तर दुसरीकडे जाते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आमाले कोनी इचारं नही व माय!" केवढे हसले! माझ्या बोलण्यावर इतकी माणसं एकदम हसलेली मी आधी कधी ऐकली नव्हती.

कलम ४. नदीकाठचा शेवगा. दिपमालाने मला पाखरू बघायला दुर्बीण दिली. पाखरू काही दिसलं नाही. शेजारची कोकिळा दिसली, अगदी नाकासमोर, आमच्या शेवग्याच्या शेंगा तोडताना. इतकी वर्षं ती म्हणायची, "अक्का, वांदरं खाई जातस." शेवगा दिपमालाचा. कोकिळाला काही नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणाले, म्हणून मी तिलाच साक्षीदार केलं आहे. शेंगा तिने तोडाव्यात, विचारून.

कलम ५. घर. याच कलमासाठी बाकीची लिहिली.

भटू पुढच्या दोन खोल्यांत राहतो, भूपेंद्र मागच्या दोन. पुष्पाच्या मुलीच्या लग्नात आहेर आधी कोणी करायचा यावरून बोलणं बंद झालं. एकाच खाटेवर बसतात आणि माझ्याशी बोलतात.

"माय, त्याले सांग, मधमा भिंत घाली देऊ. मले पुढे गाळा काढना शे."

"माय, तूच सांग त्याले, मी गवंडी बलाई लेयेल शे."

"माय, पह्यला त्याले इचार, भिंत कोना खोलीमा येई?"

मी कुणाला काय सांगू? दोघांनाही ऐकू येत होतं. भिंतीवर मात्र दोघांचं एकमत. दिपमाला चुलीपाशी उभी होती. नंतर म्हणाली, "आजी, भिंत आली की फेरी गल्लीतच संपेल. नदीवर जायला दुसरी वाट बस स्टँडला वळसा घालून आहे, तिकडून कोण येणार?" माझ्यामागे घर दोघांचं, भिंत त्यांच्या मर्जीची, आणि वाट तर कुणाच्याच नावावर नाही.

तर मी असं ठरवलं आहे. पहिली आणि तिसरी खोली भटूची. दुसरी आणि चौथी भूपेंद्रची. भटूला आपल्याच तिसऱ्या खोलीत जायला भूपेंद्रच्या दुसरीतून जावं लागेल. भूपेंद्रला गल्लीत यायला भटूच्या दोन्ही खोल्यांतून. मधली दारं कोणी बुजवू नयेत.

वकील म्हणाले, "आजी, हे तर भांडण लावणं झालं."

मी म्हटलं, "भांडाले तरी बोलतीन."

मग ते म्हणाले, "पहिली खोली म्हणजे कोणती? गल्लीकडून की नदीकडून?" इथे माझा पार गोंधळ उडाला. भटू गल्लीकडून मोजतो, भूपेंद्र नदीकडून. मी चार वाट्या ओळीत मांडून पाहिल्या. इकडून मोजलं, तिकडून मोजलं. खोल्या बदलतात, पण भिंत कुठूनच बसत नाही. तरी वकिलांच्या समाधानासाठी लिहिते: गल्लीकडून.

दोघांना खोल्यांची अदलाबदल करून भिंत घालायचीच असेल, तर माझी मनाई नाही. फक्त ते दोघांनी समोरासमोर बसून ठरवावं. एकाचं दुसऱ्याला सांगायला मी नसेन.

ठिकाण: पिंपळनेर
दिनांक: १३ जानेवारी २०२५, सोमवार

सही: भिकुबाई तोताराम भामरे (अंगठा नाही, सही येते)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. हस्तीमल रतिलाल कांकरिया, कापड दुकानदार, बाजारगल्ली
२. कोकिळाबाई दगा सोनवणे, शेजारीण. सही केली. कलम ४ वाचलं. माकडंसुद्धा खातात.