बाईसाहेबांचे थांबे

३ फेब्रुवारी

चि. ठमीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. फोनवर तू मला चार वाक्यं धड बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. आता तोड मधेच, बघू.

घरी सगळे बरे आहेत. तुझी वहिनी मला अंगणातच कपडे बदलायला लावते, कारण मी घरात आलो की वास येतो म्हणते. येतोच. तळ्यापलीकडच्या हॉटेलवाल्यानं सांगितलंय, की पाहुण्यांना घोड्यावरून फिरवण्याजोगी एखादी देखणी वाट दाखवा, रोजची माणसं तुमच्याकडेच पाठवतो. तशी वाट महिनाअखेरीपर्यंत सापडली तर तबेला तरेल. नाही तर एक जनावर काढावं लागेल आणि काढायचं म्हटल्यावर नंबर म्हाताऱ्या घोडीचा, म्हणजे आपल्या बाईसाहेबांचा. बग्गीवाला तिला विकत घ्यायला टपूनच बसलाय.

तर मी वाटा शोधत हिंडतोय. शी, ठमे! तळ्याकाठची वाट आठवते ना, आपण चिंचोके खेळायचो ती? तिथे आता गटार सोडलंय. वर हिरवी साय, सायीत पोरांचे वापरलेले लंगोट, आणि त्याच पाण्याकडे तोंड करून माणसं फोटो काढतात. खाणीकडच्या वाटेवर पाऊल टाकायची सोय नाही. अख्खं गाव सकाळी तिकडेच बसतं की काय देव जाणे. घोडीसुद्धा नाक फेंदारून चालत होती. पाइनच्या झाडांतून एक वाट बरी दिसली, तर प्रत्येक झाडावर कुणीतरी रंगानं आपलं आणि तिचं नाव लिहून ठेवलेलं. माणसाला चांगली जागा दिसली की ती घाण केल्याशिवाय त्याला चैनच पडत नाही.

आता उरली बाबांची वाट, मागच्या डोंगरावरची. तुला माहीतच आहे, लोकांना फिरवायला बाबा जायचे आणि मी तबेल्यात घोड्यांना नाल ठोकत बसायचो. डोंगरात पन्नास फाटे फुटतात. बाबांना जाऊन वर्ष होत आलं. खुर्चीत बसल्या बसल्या गेले, एक दिवस कधी आजारी पडले नाहीत, आणि वाट बरोबर घेऊन गेले. आता ती ठाऊक फक्त बाईसाहेबांना. उद्यापासून लगाम सैल सोडून ती नेईल तिकडे जाणार आहे.

लोभ असावा, उपदेश नसला तरी चालेल.

तुझा,
दादा

---

९ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. साष्टांग फक्त पत्रातच घालता येतो, प्रत्यक्षात माझी कंबर धरलीये.

उपदेश नको म्हणालास, म्हणून आधी तोच करते. बाईसाहेबांना बग्गीवाल्याकडे दिलंस तर माझं तोंड बघू नकोस. मागच्या वेळी आले होते तेव्हा त्याचा घोडा पाहिलाय मी. खोगिराखाली हे एवढं चिघळलेलं, त्यावर माशा घोंगावतायत, आणि हा त्याच्या पाठीला टेकून दात कोरत उभा! म्हणशील, ही बसली शहरात उंटावरून शेळ्या हाकत. हाकते! माझा हक्क आहे. त्या घोडीवर मी बसायला शिकले.

माझ्या इस्पितळाचं काय सांगू? हृदयाच्या वॉर्डात रुग्णांना चालवायचं काम पुन्हा माझ्याकडे आलंय. लोक कॉरिडॉरच्या कोपऱ्यात थुंकतात. हृदय दुरुस्त करून घेतात, तोंड नाही. आणि खोटं तर इतकं बोलतात! सध्या एक निवृत्त हेडमास्तर आहेत. चालता चालता दम लागला की थांबतात, पण दम लागला म्हणतील तर शपथ. आग विझवायच्या नळकांड्यासमोर उभे राहून त्यावरची माहिती मोठ्यानं वाचतात. वर मला म्हणतात, किती उपयुक्त मजकूर आहे, प्रत्येकानं वाचायला हवा. दुसरे एक आहेत, ते खिडकीतून पार्किंग बघत बसतात. पार्किंगमध्ये काय बघायचंय, दादा? पुरुष मरेल, पण मला धाप लागते असं तोंडातून काढणार नाही. मला वीट आलाय या सोंगांचा.

वाटेचं काय झालं ते सविस्तर लिही. वहिनीला सांग, तुला अंगणातच झोपवायलाही हरकत नाही.

लोभ आहेच, तो बाईसाहेबांच्या मुक्कामावर अवलंबून आहे.

तुझी,
ठमी

---

१७ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद. वाट सापडली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अडेलतट्टू म्हणतात ते हेच जनावर. पहिला चढ बरा चढली. मग एका पडक्या सिमेंटच्या भिंतीसमोर जाऊन जी उभी राहिली ती राहिलीच. मला वाटलं, इथून काही दिसत असणार. काही नाही! भिंत, भिंतीवर शेवाळ, खाली मेलेली घूस. टाच मारली, चुचकारलं, शिव्या दिल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी हात टेकले. खाली उतरलो आणि तिच्या मानेवर कपाळ ठेवून म्हटलं, बाई, तू मला भिकेला लावणार. जरा वेळानं आपली आपण चालू लागली.

पुढचा थांबा विजेच्या खांबापाशी. त्यावर अर्धवट फाटलेल्या जाहिराती, मूळव्याधीपासून भुतापर्यंत सगळ्यांवर इलाज. त्याच्या पुढचा एका काटेरी झुडपापाशी, त्याला प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकलेल्या. वर जावं तसे थांबे जवळ जवळ येत गेले. शेवटी शेवटी तर इतके, की एका थांब्यावरून दुसऱ्यावर थुंकता आलं असतं. दर ठिकाणी तेच. मी उतरून मानेला टेकायचं, मग ही हलणार. आणि माथ्याच्या जरासं खाली, शेवटच्या वळणाच्या अलीकडे, चक्क तोंड फिरवून घराकडे निघाली! पुढे नेऊन दाखव म्हणावं.

मी चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना जाऊन विचारलं. त्या बाबांबरोबर नेहमी जायच्या. त्या म्हणाल्या, चढ लागला की बाबा, म्हातारीवर भार नको म्हणून, स्वतः उतरून लगाम धरून पायी चालायचे, बाकीचे आपापल्या घोड्यावर. आता मला वाटतं, मी बसून राहतो म्हणून महाराणी रुसत असतील. बाई असंही म्हणाल्या, की बाबा त्या भिंतीपाशी सगळ्यांना थांबवून शेवाळाचे रंग दाखवायचे. खांबापाशी जाहिराती वाचून हसवायचे. माथ्याजवळ आलं की म्हणायचे, वर काही बघण्यासारखं नाही, चला मागे. काय माणूस! गावातही मी कधी त्यांच्यापुढे चाललो की मला ओरडायचे, तुला बघायची नजर नाही, नुसता घाईचा अवतार. आणि यांची नजर ही! घूस आणि मूळव्याध!

हॉटेलवाल्याला असली वाट दाखवली तर तो मला तळ्यात बुडवेल. बग्गीवाल्याला रविवारी सकाळी यायला सांगितलंय. रागावू नकोस. माझाही जीव तुटतो, पण दुसरा मार्ग दिसत नाही.

लोभ असावा, आत्ता जास्तच.

तुझा,
दादा

---

२० फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. हे पत्र रविवारच्या आत मिळावं म्हणून तिकडे जाणाऱ्या दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. मिळाल्याबरोबर उभ्यानं वाच.

घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळलं. तुझं पत्र मी दुपारच्या सुट्टीत वाचलं, आणि समोर हेडमास्तर नळकांडं वाचत उभे होते.

चढावर थांबणं. वर जावं तसं लवकर लवकर थांबणं. बघायला काही नसलं तरी दुसऱ्यांना काहीतरी दाखवत राहणं. कशाला तरी टेकून उभं राहणं. दादा, मी हे रोज बघते रे. बाईसाहेब देखाव्यासाठी थांबत नाहीत. मानेला टेकलेल्या माणसाचा श्वास जागेवर येईपर्यंत थांबतात. त्यांना तसंच शिकवलंय, आणि ते एका दिवसात शिकवून होत नाही.

एक दिवस आजारी पडले नाहीत म्हणे! मला इतका राग आलाय त्या म्हाताऱ्याचा, की काय सांगू. शेवाळ दाखवत होते! मुलगी हृदयाच्या वॉर्डात कामाला, आणि हे सांगतात कुणाला, तर घोडीला. मी दर रविवारी फोन करायची तेव्हा विचारायची, कसे आहात, तर म्हणायचे, हवा छान आहे.

मी कॉरिडॉरमध्ये रडले. हेडमास्तरांनी मला पाणी आणून दिलं आणि वाटेत थांबले नाहीत, म्हणून परत गेल्यावर खोकत बसले. त्यांनाही खूप बोलले मी.

तिला देऊ नकोस. आणि तू सोमवारी इथे ये, छाती तपासून घ्यायची आहे. मानेला टेकून तुलाही बरं वाटत होतं की नाही, ते खरं सांग.

लोभ कसला मागू? ये.

ठमी

---

२३ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद.

बग्गीवाला आला होता. त्यानं बाईसाहेबांचं तोंड उघडून, बोटं घालून दात पाहिले आणि तीच बोटं माझ्या खांद्याला पुसली. मी त्याला म्हटलं, चालायला लाग. तो म्हणाला, शब्द दिला होतात. मी म्हटलं, दिला होता, परत घेतला, काय करायचं ते कर. त्यानं जाता जाता आपल्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग मी बसलोच नाही. लगाम हातात धरून पायी निघालो. भिंतीपाशी ती थांबली, मीही थांबलो, टेकलो. घूस कुजून आता भयंकर वास सुटलाय. तरी उभा राहिलो. शेवाळाला खरंच रंग आहेत, एक अगदी तांबडा आहे. खांबापाशी मला हसू आलं, आणि मग राग आला. झुडपापाशी तर मोठ्यानं ओरडलो बाबांवर. तिनं कान हलवले, बाकी काही नाही. तिथे बाबाही ओरडत असतील कदाचित, कुणी आसपास नसताना.

शेवटच्या वळणाशी तिनं तोंड फिरवलं. मी तिच्या मानेला टेकलो, नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि तिचं तोंड हळूच वरच्या बाजूला वळवलं. खूप वेळ विचार केला तिनं. मग आली.

ठमे, वर अख्खं तळं दिसतं. पलीकडच्या टेकड्या, त्यांच्यामागच्या निळ्या टेकड्या, आणि खाली आपल्या तबेल्याचा पत्रा चमकतो. इतकी सुंदर जागा मी जन्मात पाहिली नाही. आणि तिथे वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या, फुटक्या बाटल्या, कुणीतरी चूल पेटवून काळा केलेला दगड. पलीकडून गाडीरस्ता आहे म्हणे. कोण कोण ऐरागैरा वर येऊन, खाऊन, थुंकून, देखावा बघून गेलाय. मला इतकी किळस आली, की खालीच बसलो. वाट ज्यानं शोधली, तेवढा एकच माणूस वर पोचला नव्हता.

सगळा कचरा खोगिराच्या पिशवीत भरून आणला. हॉटेलवाल्याला वाट दाखवतो म्हणून कळवलंय. अट एकच, बाईसाहेब पुढे आणि त्या थांबतील तिथे सगळ्यांनी थांबायचं. कुणाला भिंत आवडली नाही तर त्यानं भिंतीकडे बघत उभं राहावं.

उद्या सोमवारी येतो, हे पत्र दुधाच्या गाडीनं आधी पाठवतोय. टेकल्यावर मला बरं वाटत होतं.

तू सुट्टी काढून माझ्याबरोबर परत चल. सगळे मिळून वर जाऊ. माझ्या पुढे पळू नकोस, एवढंच.

लोभ आहे, आणि इथून पुढे दम लागला तर तोही कळवत जाईन.

तुझा,
दादा