सहा चाळीसची मोजणी

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पंचायतीत गेलो होतो, चहाला. सरपंचबाईंनी एक पत्र पुढे सरकवलं. आपली सकाळची सहा चाळीसची बस रिकामी धावते, असं परिवहन खात्याचं म्हणणं. दहा, बारा आणि चौदा तारखेला त्यांचा माणूस प्रवासी मोजणार. सरासरी पंधराच्या खाली आली तर एक मार्चपासून बस बंद. बाई म्हणाल्या, तुमच्या पत्रकात छापा, म्हणजे ते तीन दिवस तरी लोक चढतील.

पत्रक म्हणाल्या. 'ग्रामवृत्त' म्हणायला जीभ झिजते? दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून चार वर्षं दर पंधरवड्याला दोन पानं काढतोय. पाणी कधी बंद, कचऱ्याची गाडी कधी, लस कुणाला. संपादक मी. विनामूल्य.

संकल्प : ही बस मी वाचवणार. उद्यापासून पाचला उठून रोज बसनेच शहरात जायचं, काम नसलं तरी. मी त्या बसमध्ये शेवटचा चढलो त्याला नऊ वर्षं झाली. पण चळवळीला नेता लागतो. प्रवासी काय, कुणीही होतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ८.१०

पाचचा गजर झाला. बंद कुणी केला ठाऊक नाही. ही म्हणते तुम्हीच, आणि वर त्याला शिवी हासडलीत.

समोरच्या घरातली अक्का मात्र गेली बसने. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिचं डायलिसिस असतं. साडेआठला हजर नसलं की मशीन दुसऱ्याला देऊन टाकतात. ही म्हणाली, अहो, दारात गाडी उभी आहे, सख्ख्या बहिणीला आठवड्यातून तीनदा सोडलंत तर काय झिजणार आहे? हिला धोरण कळत नाही. मी अक्काला गाडीने नेलं तर बसचा एक प्रवासी कमी होणार. म्हणजे बस बंद पाडायला माझाच हात लागणार. शिवाय सीट क्रीम रंगाच्या आहेत.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, अक्का अठराची. तिनेच मला वाढवलं, लोकांचे कपडे शिवून शिकवलं. हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच तर बस वाचवतोय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अग्रलेख झाला. 'चाकं थांबतील, आम्ही नाही!' दोन पानांपैकी दीड पान भरलं. लिहिताना माझंच मन भरून आलं.

दुपारी पडल्या पडल्या एक विचार चमकला. मोजणीच्या तारखा छापल्या आणि अंक खात्याच्या हाती लागला तर? नेमके तेच तीन दिवस गर्दी झाली की ते म्हणणार, बनाव आहे. म्हणून तारखा गाळल्या. 'मोजणी लवकरच' एवढंच ठेवलं. याला म्हणतात डोकं.

गजराविषयी : पाच ही वेळ शरीराला मानवत नाही. साडेपाच केली.

७ फेब्रुवारी, शनिवार

अंक निघाला. प्रतिसाद प्रचंड. न्हावी म्हणाला, काका, पाणी सोमवारी बंद का मंगळवारी, ते कुठं दिसेना. ती चौकट अग्रलेखाला जागा करताना गेली. म्हटलं, अरे, बस चाललीय आणि तुला पाण्याचं पडलंय! म्हणाला, काका, बसला दाढी नसते, मला पाणी लागतं.

सरपंचबाईंचा फोन. तारखा कुठायत? धोरण समजावून सांगितलं. त्या दोनदा 'काय?' म्हणाल्या. पटलं असावं. मग म्हणाल्या, राहू दे, मीच पंचायतीच्या फळ्यावर लिहिते.

संध्याकाळी जाऊन पाहिलं. खडूने तीन ओळी. फळा कोण वाचतो? फळ्याला वजन यावं म्हणून 'ग्रामवृत्ता'चा अंक त्यावर चिकटवून आलो. बरोब्बर मध्यभागी. चारही कोपऱ्यांना डिंक.

१० फेब्रुवारी, मंगळवार. मोजणीचा पहिला दिवस

पाणी मंगळवारीच बंद होतं. आम्ही भरून ठेवलं नव्हतं. आंघोळीशिवाय चळवळीचं नेतृत्व करणं मला जमत नाही, त्यामुळे आज बसने जाता आलं नाही.

नऊ प्रवासी, अक्का धरून. खात्याचा माणूस ड्रायव्हरच्या मागेच पाटी घेऊन ठाण मांडून होता, असं अक्काने हिला सांगितलं. ही म्हणाली, दहावा प्रवासी घरात घोरत होता. मी घोरत नव्हतो. सर्दी आहे.

घाबरायचं कारण नाही. तीन दिवसांचे मिळून पंचेचाळीस हवेत. नऊ झाले. उरलेल्या दोन दिवसांत छत्तीस. माझ्या एका शब्दावर पन्नास येतील. उद्या शब्द टाकायचा.

११ फेब्रुवारी, बुधवार

शब्द टाकायला बाहेर पडणार होतो, पण सर्दी. कळलं की सरपंचबाई स्वतः घरोघर फिरताहेत. चांगलं आहे. खालच्या पातळीवरचं काम कुणीतरी करायलाच हवं.

मी वरच्या पातळीवरचं केलं. फोटोग्राफर ठरवला, बॅनर सांगितला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. मोजणीचा दुसरा दिवस

साडेसहाला थांब्यावर पोचलो. गाडीने, कारण बॅनरची काठी सहा फुटी. पाहतो तो काय, वीस माणसं! माझा अग्रलेख फळाला आला. बस आली, सगळे चढले. पण बंद बसमधली माणसं फोटोत काय दिसणार? सगळ्यांना खाली उतरवलं. बससमोर तीन रांगा, उंच माणसं मागे. अक्का नको नको म्हणत होती. म्हटलं, अक्का, तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं. बॅनरचा मधला भाग तिच्या हातात दिला. दोन म्हाताऱ्या तेवढ्या उतरल्या नाहीत. म्हणाल्या, खिडकीची जागा जाईल.

ड्रायव्हर तिरसट. साहेब, सहा चाळीस झाले, म्हणाला. मग, साहेब, बेचाळीस. फोटोग्राफर 'हसा' म्हणत असतानाच मागून बस निघून गेली. फोटोत बॅनर आहे, अठरा माणसं आहेत, बसच्या जागी धूर आहे. तसा बोलका आहे फोटो.

अक्काला गाडीने न्यावं लागलं. आधी फोटो नीट निवडून घेतले, मग निघालो. सीटवर टॉवेल अंथरला. पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते, मशीन दिलेलं. नर्स म्हणाली, उद्या बाराला एक जागा आहे, नक्की आणा, यांचे पाय बघा कसे सुजलेत. तिला 'ग्रामवृत्ता'चा अंक भेट दिला. तिने त्यावर इंजेक्शनचा ट्रे ठेवला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज अक्काला न्यायचं होतं, पण उद्याच्या योजनेपुढे इलाज चालेना. उद्या वाहनांचा मोर्चा! इथून थेट परिवहन खात्याच्या ऑफिसवर. गाड्यांची यादी, घोषणा, निवेदन, सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर. सकाळीच माझ्या गाडीला बॅनर बांधून घेतला. दोऱ्या खिडक्यांतून आरपार, ड्रायव्हरचं सोडून बाकीची सगळी दारं आवळलेली.

अकराला ही आली. म्हणाली, शेजारचा मुलगा गाडी चालवायला तयार आहे, किल्ली द्या. दार उघडत नाही हे दाखवलं. म्हणाली, मग दोऱ्या कापा. कापा म्हणे! चार तास लागले बांधायला. अक्काला निरोप पाठवला : उद्या तुझा वार आहेच, एका दिवसाने काय होतंय.

ही रात्री जेवली नाही. मीही कमीच जेवलो. उपोषण म्हणून दाखवता येईल.

१४ फेब्रुवारी, शनिवार. मोजणीचा तिसरा दिवस. ऐतिहासिक

साडेपाचला उठलो! घामाघूम झालो, पण उठलो.

बावीस वाहनं, अडुसष्ट माणसं. गुरुवारी थांब्यावर होते तेही सगळे मोर्च्यात. एक-दोघांनी विचारलं, काका, आज मोजणी ना, मग आम्ही बसमध्ये नको? म्हटलं, वेड्यांनो, एका बसमध्ये बसून तुम्ही वीस दिसाल. रस्त्यावर उतरलात तर शंभर दिसाल. आपापल्या गाड्यांत जाऊन बसले.

घाटाच्या वळणावर आम्ही बसला गाठलं आणि एकामागून एक बावीस गाड्या तिच्या पुढे काढल्या. सगळ्यांनी हॉर्न दिले. बसमध्ये एकच बाई होती, अक्का. काचेला हात टेकून, तोंड उघडं ठेवून आमच्याकडे बघत होती. भारावून गेली असावी.

ऑफिस शनिवारी बंद असतं. वॉचमनने निवेदन स्वीकारलं. सन्मानाने.

सायंकाळी : हिचा फोन, हॉस्पिटलमधून. अक्काच्या फुप्फुसात पाणी झालंय. वाटेतच तिला श्वास घेता येईना म्हणून त्या ड्रायव्हरने मधला एकही थांबा न घेता बस थेट हॉस्पिटलच्या दारात नेली. खरं तर हे नियमात बसत नाही. पण आज तक्रार करायची नाही, असं ठरवलं. मोठ्या मनाने.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

खात्याचं उत्तर आलं. नऊ, दोन आणि एक. सरासरी चार. एक मार्चपासून फेरी बंद.

सरपंचबाईंनी विचारलं, शनिवारी अडुसष्ट माणसं होती ना तुमच्याकडे? हो म्हटलं. कुठे होती? गाड्यांमध्ये, म्हटलं. कशासाठी? बससाठी. बाईंनी माझ्यासाठी आलेला चहा परत पाठवला.

अक्का अजून हॉस्पिटलातच. ही तिथेच बाकड्यावर झोपते. भेटायला जायचंय, पण अंक तोंडावर आलाय. अग्रलेख : 'आकड्यांचा कट.'

२८ फेब्रुवारी, शनिवार

शेवटची बस. मी थांब्यावर निरोपाचं भाषण ठेवलं होतं. शेवटची म्हणून हौसेने चढलेले एकतीस. आज मोजणी असती तर! खातं मुद्दाम तारखा आधीच्या देतं, हे पुढच्या अंकात मांडायचं.

परवाच हॉस्पिटलातून घरी आलेली अक्काही चढली. एक ट्रंक, एक वळकटी, शिवणाचं मशीन. तिच्याबरोबर डायलिसिसला असणारी कुणी निवृत्त नर्स आहे, हॉस्पिटलसमोर राहते, तिच्याकडेच आता कायमची. मला हे थांब्यावर कळलं. म्हटलं, अक्का, मला सांगायचंस तरी, गाडीने सोडलं असतं. ती म्हणाली, राहू दे, तुझं भाषण आहे.

किती समजून घेते!

ड्रायव्हरने मशीन स्वतः उचलून वर चढवलं. मी भाषणाच्या कागदात होतो.

३ मार्च, मंगळवार

साडेपाचला जाग आली. आपोआप. सहा चाळीसला रस्त्यावर काही नाही. ही समोरच्या बंद घराकडे बघत उभी होती. म्हटलं, चहा? म्हणाली, तुम्हीच करून घ्या.

संकल्प : दर रविवारी अक्काला भेटायचं.

८ मार्च, रविवार

पाव्हणे येण्याची शक्यता होती. आले नाहीत.

१५ मार्च, रविवार

गाडी धुतली. ओल्या गाडीवर धूळ बसते.

२२ मार्च, रविवार

गेलो. पस्तीस मिनिटं लागली, रस्ता मोकळा.

अक्का खाली दुकानात दोरा घ्यायला आली होती, दारातच भेटली. वर गेलो. दुसऱ्या मजल्यावर एक खोली. दोन खाटा, खिडकीत शिवणाचं मशीन, भिंतीवर डायलिसिसच्या वारांचा कागद. नर्सबाई पत्ते पिसत होत्या. तेवढ्यात घरमालकीण ब्लाउजचं माप द्यायला आली आणि माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण?

अक्का टेप सोडवत होती. वर न बघता म्हणाली, हे आमच्या गावचे. पंचायतीचं काहीतरी छापतात.

हे. छापतात. जन्मात तिने मला कधी अहो-जाहो केलेलं नाही. परक्या माणसांत मान राखला, असाच त्याचा अर्थ. भाऊ म्हणायचं राहिलं ते दम लागल्यामुळे. आजारी माणूस, मोजकंच बोलणार.

बशीत चार बिस्किटं दिली. मी निघतो म्हटल्यावर म्हणाली, बरं, या.

घाटाच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो. अक्काला दम लागला नव्हता. दोन्ही जिने ती माझ्यापुढे चढली होती. धापा मी टाकत होतो. भिंतीवरच्या कागदावर तीन आठवड्यांच्या सगळ्या चौकटींत बरोबरची खूण होती, एकही वार चुकलेला नाही.