नुसत्या मोटरांवर

७ डिसेंबर

माझं रिमोटचं विमान उडालं! शेपटीच्या पट्ट्या न हलवता, नुसत्या दोन मोटरांवर! डावीचा जोर वाढवला की उजवीकडे वळतं, दोन्हींचा वाढवला की चढतं. सोयाबीन निघालेल्या वावरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉलेजचे धनंजय सर म्हणाले, "बंगळूरच्या लॅबला तुझं नाव कळवतो."

घरी येताना बाबा भेटेल त्याला थांबवत होते — "माई पोरगी शेपूट न हालवता इमान उडवते!"

मला जेवण गेलं नाही.

८ डिसेंबर

लिहूनच टाकते. रिमोटची उजवी दांडी म्हणजे शेपटीच्या पट्ट्या. विमान पडायलाच लागलं तर ती वापरायची, आणि वापरली की चाचणी फसली. नियम माझाच.

तिसऱ्या फेरीला नाक खाली गेलं. अशा वेळी काही करायचं नसतं. वेग वाढतो, नाक आपोआप वर येतं — हे मीच शाळेतल्या पोरांना फळ्यावर शिकवलं! आणि मला धीर धरवला नाही. अंगठ्याने दांडी ओढली. विमान वर आलं.

कोणाला दिसलं नाही. मयुरीला? ती विमान हवेत फेकते, मी चालवते. आवरताना माझ्याकडे बघतही नव्हती.

१० डिसेंबर

बाबांनी त्यांच्या कामावर, कापसाच्या जिनिंगवर, सगळ्यांना चहा पाजला. घरात पहिली पदवी माझी. मी सांगेन ते त्यांना खरंच वाटतं.

१३ डिसेंबर

सरांना फोन करून सांगून टाकलं. ते म्हणाले, "ठीक आहे. नाव मागे घेतो."

बाबांनाही सांगितलं. चपला घालत होते. "मंग आता जिनिंगवर काय सांगू मी?" चिडले असते तर बरं झालं असतं.

१४ डिसेंबर

मयुरी दारातूनच सुरू — "सरले फोन कराच्या आधी मले काऊन नाई विचारलं?"

"तुझं नाव खराब नको व्हायला..."

"अवं, फेकाच्या आधी शेपटीची वायर मीनंच काढलती! तुई दांडी कायलेच जोडली नव्हती. इमान आपल्या मनानं वर आलं. सरलेबी सांगून आली मी."

मी तिला मिठीच मारली. मग विचारलं, वायर का काढलीस?

ती खाली बघत म्हणाली, "तू हात लावशीन, मले माहीत होतं."